विहिरीवर एनआरव्ही असतो, मग वॉर्डात का नाही?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरचं कोणी सध्या ॲडमिट आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

गेल्या महिन्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी हॉस्पिटलात सहा दिवस ठेवावं लागलं. वय एकाहत्तर, जुनी शुगर, त्यात ताप, आणि पोटात अन्न राहीना. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. कमेंटमध्येही विचारू नका, इनबॉक्समध्येही नको. त्यांनी अण्णांना बरं करून घरी पाठवलं, याची मला जाणीव आहे. शिवाय मी जे सांगतोय ते एकट्या त्या हॉस्पिटलपुरतं नाहीच.

दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास मी स्टुलावर बसून डुलक्या काढत होतो. स्टँडला दोन बाटल्या होत्या. एक मोठी, अर्ध्या लिटरची, साध्या सलाईनची. दुसरी छोटी, वरच्या हुकाला टांगलेली, तिच्यात मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन मिसळलेलं. ते पिवळं असतं, सगळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडे 'ताकदीची बाटली' म्हणतात ती हीच. दोन्ही नळ्या खाली येऊन एका बोटभर प्लास्टिकच्या तोटीला जोडलेल्या आणि तिथून एकच नळी अण्णांच्या हातात. हाताच्या पाठीवर शीर सापडेना म्हणून सुई कोपराच्या आतल्या बाजूला लावली होती.

डोळे उघडले तर मोठ्या बाटलीच्या नळीत पिवळं दिसलं. आधी वाटलं झोपेत काहीतरी चुकीचं बघतोय. जवळ जाऊन पाहिलं. पिवळं पाणी खालून वर चढत होतं. मोठ्या बाटलीचे थेंब जिथे पडतात ती कुपी पिवळी होऊन जवळपास भरली होती. छोटी बाटली अर्ध्याच्या खाली गेलेली. कोणी लांबून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, औषध छान चाललंय, निम्मं संपलं पण.

झालं होतं एवढंच. अण्णा कुशीवर वळले, हात कोपरात दुमडला, सुईची वाट बंद झाली. छोटी बाटली उंचावर होती, तिचं पाणी कुठेतरी जाणारच. हातात जाता येईना म्हणून ते तोटीतून दुसऱ्या नळीत शिरलं आणि मोठ्या बाटलीकडे चढायला लागलं. मधे त्याला अडवणारं काहीच नव्हतं.

सिस्टरला हाक मारली. अठरा पेशंट आणि ती एकटी. पण लगेच आली, "आजोबा, हात सरळ ठेवा बरं," म्हणाली, आणि मोठ्या बाटलीची बाजू बंद करायला तोटीचा खटका फिरवला. बंद झाली छोटी बाटली. तिनं क्षणभर बघितलं, परत फिरवला, आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "अगं बाई, हा दुसऱ्या कंपनीचा आहे." नंतर दोन्ही नळ्या काढून नवीन लावल्या. मला म्हणाली, "काही नाही दादा, व्हिटॅमिनच होतं."

हो, व्हिटॅमिनच होतं. पण मला झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणानं. पिवळं होतं म्हणून दिसलं. बाकीची बहुतेक औषधं पाण्यासारखी असतात. तीच छोटी बाटली रंग नसलेल्या औषधाची असती तर मी स्टुलावर शांत झोपलो असतो आणि चार्टवर 'दिलं' अशी टिकमार्क झाली असती.

माझा एक शाळेतला मित्र भूलतज्ज्ञ आहे. दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. तो हसला. म्हणाला, "तुमच्या विहिरीच्या मोटारीला काय बसवतोस? एनआरव्ही ना? तेच इथे पाहिजे होतं."

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पाइपलाइनमध्ये एनआरव्ही का असतो? मोटार बंद झाली की वर गेलेलं पाणी माघारी येऊ नये म्हणून. ठिबकवाल्यांना तर आणखी चांगलं माहीत आहे. व्हेंचुरीतून युरिया सोडता, तेव्हा लाईट गेली तर खताचं पाणी उलटं विहिरीत जाऊ नये म्हणून तो व्हॉल्व्ह लागतोच. सलाईनच्या नळीत बसणारा व्हॉल्व्ह म्हणजे याचंच छोटं भावंड. आत सिलिकॉनची पातळ चकती असते. वरून पाणी आलं की चकती वाकून वाट देते, खालून दाब आला की ती आपल्या जागेवर घट्ट बसते. ना बॅटरी, ना सेटिंग. दोन बाटल्या एकत्र लावायच्या ज्या चांगल्या सेटमध्ये मोठ्या बाटलीच्या नळीला हा व्हॉल्व्ह असतो, तिथे छोटी बाटली उंच टांगायची. तिच्या दाबानं मोठीची वाट आपोआप मिटते, आणि छोटी संपली की मोठी पुन्हा आपोआप सुरू होते. सिस्टरनं दरवेळी येऊन काही फिरवायची गरजच उरत नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काय होतं? साधा सेट, साधा सेट, आणि मधे थ्री वे. थ्री वे म्हणजे ती तोटी. तिला आत येणाऱ्या दोन वाटा आणि बाहेर जाणारी एक. ती फक्त फिरवाल तिकडे वाट उघडते. तिला दिशा कळत नाही. दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या की पाणी कुठून कुठे जाईल हे उंची आणि दाब ठरवणार.

मित्रानं पुढे जे सांगितलं ते व्हिटॅमिनपेक्षा गंभीर आहे. आयसीयूत सिरिंज पंप असतो. बीपी टिकवायचं किंवा दुखणं थांबवायचं तीव्र औषध तो तासाला ठराविक मिली असं ढकलत राहतो. त्याच सुईला थ्री वे लावून साधं सलाईनही जोडलेलं असतं. आता सुई अडली. पंप ढकलतोच आहे. औषध हातात न जाता सलाईनच्या नळीत वर चढत राहतं. पंपाला अडथळा जाणवला की अलार्म वाजायला पाहिजे, पण इथे दाब वाढतच नाही कारण औषधाला पळायला दुसरी वाट आहे. म्हणून अलार्म गप्प. पेशंटला औषध मिळत नाही, बीपी पडतं किंवा दुखायला लागतं, कोणीतरी येऊन डोस वाढवतं. मग कधीतरी हात सरळ होतो आणि नळीत साठलेलं सगळं एकदम आत जातं. मॉर्फिनसारखं औषध असेल तर श्वास मंदावण्याइतकं. सलाईनच्या बाजूला एकतर्फी व्हॉल्व्ह असता तर हे सगळं पहिल्याच पायरीवर थांबलं असतं, आणि पंप बोंबलला असता.

आता त्या 'दुसऱ्या कंपनीच्या' तोटीबद्दल. मला ही भानगड माहीतच नव्हती. थ्री वे दोन प्रकारचे मिळतात. एकात खटक्याची लांब दांडी ज्या बाजूला असेल ती बाजू बंद, दांडीवर 'ऑफ' असं लिहिलेलंही असतं. दुसऱ्या प्रकारात खटक्याला तीन दांड्या, आणि त्या ज्या बाजूंना असतील त्या वाटा चालू. म्हणजे एकात दांडी 'बंद' दाखवते, दुसऱ्यात 'चालू'. दोन्ही दिसायला भावाभावासारखे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण एकाच वॉर्डात दोन्ही आले की संपलं. तुमच्या घरातली निम्मी बटणं खाली दाबली की लागतात आणि निम्मी खाली दाबली की विझतात, असं समजा. आणि हे रात्री अडीच वाजता, अठरा पेशंटमध्ये, टॉर्च मारून ओळखायचं.

मी नंतर एका सरकारी रुग्णालयातही जाऊन पाहिलं. ओळखीच्या माणसानं स्टोअरचा ट्रे समोर ठेवला. एकाच खोक्यात दोन्ही प्रकार. मी विचारलं, असं का? तो म्हणाला, "साहेब, ज्याचा रेट कमी त्याचा माल येतो. मागच्या वेळी तो होता, आता हा आहे." त्याचंही चुकलं नाही. कागदावर दोन्ही 'थ्री वे स्टॉप कॉक, स्टराइल' एवढंच लिहिलेलं. खटका कसा पाहिजे हा रकानाच नाही.

रेटवरून आठवलं. २०१८ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या औषध दर नियामक संस्थेनं, म्हणजे एनपीपीएनं, दिल्ली परिसरातल्या चार खाजगी हॉस्पिटलांची बिलं तपासून आकडे जाहीर केले होते. औषधं आणि वापरून फेकायच्या वस्तूंवर मार्जिन १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेलं. हा सगळ्यात वरचा आकडा कशावर होता माहितीय? याच थ्री वेवर. ५ रुपये ७७ पैशांना घेतलेली तोटी पेशंटच्या बिलात १०६ रुपयांना. तेव्हा आम्ही पत्रकारांनी 'लूट' म्हणून मथळे केले, मी पण केला. चूक नव्हतं ते. पण आज मागे वळून बघताना वाटतं, आम्ही १०६ कडेच बघितलं. पाच रुपये सत्याहत्तर पैशांत तोटी कसली येते, हे कोणी विचारलं नाही. पेशंट १०६ देतोच आहे, तर त्यात एकसारखा खटका आणि एक सिलिकॉनची चकती बसत नाही?

अण्णांच्या बिलात थ्री वे चार होते. सहा दिवसांत चार, ठीक आहे. अण्णांनी चष्मा लावून बिल वाचलं आणि मला विचारलं, "ती पिवळी बाटली पूर्ण लावली का रे? पैसे पूर्ण लावलेत." मला उत्तर देता आलं नाही.

आता थोडं मूळ गोष्टीकडे जातो. हे सगळे तुकडे एकमेकांत कसेही बसतात. सेट, एक्स्टेन्शन, थ्री वे, सिरिंज, सुई. यांची तोंडं एकाच मापाची, एकाच उताराची. या जोडाला ल्यूअर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या ल्यूअर यांच्या काचेच्या सिरिंजपासून हे नाव आलं. सोयीचं इतकं की जगभर पसरलं. कोणाचंही काहीही कशालाही जोडा, फिट्ट. पण हीच सोय कधीकधी जीव घेते. जे शिरेत द्यायचं ते पाठीच्या कण्यात जोडता येतं, जे नाकातल्या नळीतून पोटात द्यायचं ते शिरेत जोडता येतं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला २००१ साली अठरा वर्षांच्या एका कॅन्सर पेशंटला शिरेतून द्यायचं व्हिन्क्रिस्टिन मणक्यातून दिलं गेलं आणि तो मुलगा गेला. असे प्रकार देशोदेशी झाले. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये इशारा काढला की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या बाटलीत पातळ करून द्या, म्हणजे मणक्याच्या सुईला लावायचा मोहच होणार नाही. मग २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकं आली: अन्ननळीच्या जोडाचं तोंड वेगळं, मणक्याचं वेगळं, शिरेचं वेगळं. एकाचं दुसऱ्यात बसतच नाही.

मला यातली एक गोष्ट फार पटली. इतक्या मृत्यूंनंतर त्यांनी 'नर्सनी लक्ष द्यावं' असा बोर्ड लावून विषय मिटवला नाही. जोडच बदलले. आपल्याकडे काही झालं की आधी सिस्टरला मेमो, मग नातेवाइकांची तोडफोड, मग दोन दिवस काम बंद. आणि तोटी तशीच.

दोन औषधं एका नळीतून देताना आणखी एक धोका आहे, तोही आपल्या रोजच्या वापरातला. सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक आपल्याकडे छोट्या-मोठ्या प्रत्येक दवाखान्यात चालतं. आणि आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, हे सलाईन तर पावसाळ्यात हगवणीच्या प्रत्येक पेशंटला. आरएलमध्ये कॅल्शियम असतं. सेफ्ट्रायॅक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की त्याचा साका तयार होऊ शकतो. नवजात बाळांच्या फुप्फुसात आणि किडनीत असा साका सापडल्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ मध्ये इशारा दिला, २००९ मध्ये तो नेमका केला: २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियमच्या सलाईनसोबत हे इंजेक्शन नको, त्याहून मोठ्या पेशंटला एकामागून एक चालेल, पण मधे नळी धुऊन घ्या, एकाच वेळी एका जोडातून सोडू नका. आता परत आपली तोटी डोळ्यांसमोर आणा. खटका उलटा समजला तर जे 'एकामागून एक' द्यायचं ते एकत्रच जाणार. आणि तोटीच्या पोटातही थोडं औषध शिल्लक राहतं, ते धुतलं नाही तर पुढच्या औषधात मिसळणार.

हे वाचून कोणी घाबरून सलाईन नाकारू नका. सलाईननं रोज माणसं वाचतात. (उगाच अशक्तपणा वाटतो म्हणून डॉक्टरच्या मागे लागून लावून घेणाऱ्यांबद्दल मात्र एक वेगळी पोस्ट लिहायची आहे.)

आणि एक कबुली. काही वर्षांपूर्वी आई ॲडमिट असताना शेवटची बाटली संपत नव्हती आणि आमची शेवटची एसटी चुकणार होती. मी नळीवरचं चाक ढिलं केलं. चार तासांची बाटली पाऊण तासात उतरवली. आईला काही झालं नाही, म्हणून मला त्या दिवशी हुशारी वाटली होती. तिला हृदयाचा त्रास असता तर छातीत पाणी झालं असतं. तेव्हा आपण नातेवाईक काही धुतल्या तांदळाचे नाही. चाकाला आणि खटक्याला हात लावू नका, सिस्टरला बोलवा. फक्त बघत राहा: हात दुमडला आहे का, थेंब थांबलेत का, थेंबांची कुपी नेहमीपेक्षा जास्त भरली आहे का.

कायद्याचं काय, असं विचारणारे असतील. सिरिंज, सुया आणि सलाईनचे सेट १९८९ पासूनच औषध कायद्याखाली आहेत. बाकीची बहुतेक वैद्यकीय उपकरणं मात्र त्याबाहेर होती. १ एप्रिल २०२० पासून सगळीच कक्षेत आली. उपकरणामुळे काही बिघडलं किंवा बिघडता बिघडता राहिलं तर कळवायची व्यवस्थाही आहे: मटेरियोव्हिजिलन्स प्रोग्रॅम, २०१५ पासून, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, कोणीही फॉर्म भरू शकतं. मी ज्या चार सिस्टरांना विचारलं त्यातल्या एकीनं नाव ऐकलं होतं. फॉर्म एकीनंही भरलेला नाही. एकीनं सरळ विचारलं, "भरला तर मेमो मलाच येणार नाही ना?" याचं उत्तर वरच्या साहेबांनी लेखी द्यायला पाहिजे.

मला काय हवंय ते साधं आहे. एका दवाखान्यात एकाच प्रकारच्या खटक्याचा थ्री वे, आणि तसं खरेदीच्या कागदावर शब्दांत लिहिलेलं. दोन बाटल्या किंवा पंप आणि बाटली एकत्र लावायची असेल तिथे एकतर्फी व्हॉल्व्हवाला सेट. गावातल्या एका मेडिकलवाल्याला विचारलं, तो म्हणाला मिळतो की, कोणी मागत नाही म्हणून ठेवत नाही. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर औषधाचं नाव, हे तर फुकटात होतं. आणि दोन्ही प्रकारचे थ्री वे हातात देऊन सिस्टरांना अर्ध्या तासाचं शिक्षण, ड्युटीच्या वेळेत, सुट्टीच्या दिवशी बोलावून नाही.

डॉक्टर मंडळींना एक विनंती. ही पोस्ट तुमच्यावर नाही. तुमच्यातल्याच एकाकडून हे शिकलोय. काही चुकलं असेल तर कमेंटमध्ये दुरुस्त करा, मी पोस्टमध्ये बदल करून तसं लिहीन. 'सोशल मीडियावर लिहून बदनामी' एवढंच लिहायचं असेल तर मात्र वाद घालणार नाही.

सरकारी दवाखान्यांच्या रुग्ण कल्याण समितीत गावातले लोकही असतात आणि समितीकडे खर्चाला थोडा निधीही असतो. पुढच्या बैठकीत ठेवायला मी एक पानाचा अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. समितीवर असलेले तिघं तरी माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, टॅग करत नाही, तुम्ही वाचताय हे माहीत आहे. सोमवारी दोन खाजगी हॉस्पिटलांनाही तेच पत्र नेऊन देणार आहे. उत्तर आलं तर इथे टाकतो, नाही आलं तरी तारखेसकट टाकतो.